उतरवलेलं पाणी

कुठलंही पाणी समोर आलं की मन्मथअप्पा आधी त्यात बोट बुडवायचे आणि ते जिभेला लावायचे. मग ते विहिरीचं असो, बोअरचं असो, नाहीतर कुणाच्या लग्नातल्या पिंपातलं असो. डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि निकाल द्यायचे, "गोड हाय." किंवा तोंड वाकडं करून, "मचूळ." तिसरा शेरा त्यांच्याकडे नव्हता. आमच्याकडे पाण्याला गोड म्हणताना कुणाच्या मनात साखर नसते. जे पोटाला बाधत नाही आणि ज्यात डाळ शिजते, ते पाणी गोड. बाकी सगळं तोंड धुवायला. लहानपणापासून हेच ऐकत आल्यामुळे या शब्दात काही गफलत असेल असं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि माझी नांदेडहून तिथल्या नव्या कचेरीत टायपिस्ट म्हणून बदली झाली होती. कचेरीवर बोर्ड आला होता, खुर्च्या यायच्या होत्या. माझ्या बोटांना जुनी सवय, त्यामुळे दर चार कागदांमागे एका कागदावर 'जिल्हा नांदेड' उमटायचं आणि साहेब लाल व्हायचे. अशा दिवसांत मी खोली शोधत फिरत होते. कुणीतरी अप्पांचं घर सांगितलं. गेले तर दारात ट्रक उभा आणि ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले.

"मालक आहेत का?" मी विचारलं.

"हाय की," पाय म्हणाले. "तेवढा सोळा-सतराचा पाना द्या बरं."

मी इस्त्रीच्या साडीत. तरी वाकले आणि हाताला लागला तो पाना पुढे केला. तो तसाच परत आला. "ह्यो न्हाई. ह्याचा थोरला भाऊ."

थोरला भाऊ सापडल्यावर काही वेळानं मालक बाहेर आले. पन्नाशीचे, काटक. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि त्यांच्यावर ग्रीसचा चौथा. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी घामेजलेल्या बनियनच्या आत जपून खोचलेली. हात काळे होते म्हणून त्यांनी मला दोन्ही कोपरं जोडून "शरणार्थ" केलं. भाडं, डिपॉझिट यांतलं काही न विचारता म्हणाले, "पुढच्या दोन खोल्या हायत. पर ऐतवारी आवाज व्हतो. गाडीचं काम म्या घरीच करतो." मला आवाजाचा भारी राग. तरी मी हो म्हणाले. त्या कोपरांमुळे म्हणाले असेन.

गॅरेजवर अप्पांचा विश्वास नव्हता. "आपल्या लेकराची आंगुळ दुसऱ्याच्या हातानं करावी का?" असं ते विचारायचे. लेकरू त्यांना नव्हतंच. घरात ते आणि शिवकांताकाकू, दोघंच. रविवारी सकाळी काकूंचं एक जुनं लुगडं अंगणात अंथरलं जायचं आणि अप्पा इंजिन खोलायला बसायचे. निघालेला प्रत्येक भाग आधी काकूंच्या हातात जायचा. त्या रॉकेलच्या घमेल्यात तो बुडवायच्या, ब्रशानं घासायच्या, चिंधीनं पुसायच्या आणि लुगड्यावर ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं मांडायच्या. देवाची उपकरणी घासताना बायका बसतात तशाच त्या बसायच्या, फक्त चिंचेच्या जागी रॉकेल. जळून बसलेली काजळी निघाली नाही तर हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं खरवडायच्या. मध्येच एखादा भाग उन्हात धरून म्हणायच्या, "ह्याची कड गेली की हो." अप्पा म्हणायचे, "माझी बी गेली. दोगं बी आजून चालून राहिलो." मग दोघंही हसायचे.

"खोलायला कुनीबी खोलतंय," हे अप्पांचं आवडतं वाक्य. "जोडून झाल्यावर हातात नट उरला न्हाई पायजे." कचेरीतला एखादा साहेब बदलून गेला की मी हेच वाक्य म्हणायची. कुणाला कळायचं नाही, पण माझं समाधान व्हायचं.

इंजिनाला हात लावण्याआधी एक विधी असायचा. रेडिएटरच्या खालची तोटी सोडून पाणी उतरवायचं. खाली स्वच्छ घमेलं ठेवलेलं असायचं. गंजानं तांबूस झालेलं कोमट पाणी त्यात पडायचं. अप्पा बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, "गोड हाय" म्हणायचे आणि घमेलं उचलून शेवरीपुढे ठेवायचे. शेवरी म्हणजे काकूंची देवणी गाय. पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे ठिपके, लांब कान. उदगीरकडच्या माहेराहून कालवड म्हणून आलेली. ती ते पाणी पिऊन घमेल्याचा तळसुद्धा चाटायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा नाक मुरडलं होतं. अप्पा म्हणाले, "लोखंडाचं पानी हाय बाई, रगत वाढतंय. दवाखान्यात ह्याच्याच लाल गोळ्या देत्यात तुमाला." पाणी फेकणं ही गोष्ट त्या घरात कधी घडतच नव्हती. लिंगपूजेला पळीभर पाणी, ते तीर्थ म्हणून पोटात. भांड्याचं झाडाला आणि गाडीचं गाईला.

मग पाऊस आला नाही. एक वर्ष नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. नव्या जिल्ह्याला खुर्च्यांच्या आधी दुष्काळ मिळाला. अप्पा मला म्हणायचे, "जिल्हा वाटून घेतला बाई तुमी, पर पावसाची फाईल जुन्या जिल्ह्यातच राहिली. जरा टाईप करून मागवा की." पहिल्या वर्षी मी या विनोदाला हसले. दुसऱ्या वर्षी अप्पांनीच तो करणं सोडलं. गल्लीतल्या घागरी पहाटेपासून रांगेत बसायच्या. शेजारपाजारची जनावरं एकेक करून बाजारात गेली. ज्यांना विकवेना त्यांनी छावणीत नेऊन बांधली. काकूंनी मात्र एके दिवशी शेवरीच्या गळ्यात हात टाकून जाहीर केलं, "ही ह्या दारातून जानार न्हाई. मृगापतोर जगवायची. मग तिचं नशीब."

त्या दिवसापासून सगळं घर त्या एका गाईसाठी जगायला लागलं. त्यात मीही आले. माझ्या तांदळाच्या धुवणावर शेवरीचा हक्क होता. भाजी धुतलेलं पाणी मी मुकाट्यानं नेऊन द्यायची. अप्पा कुठूनतरी वाळलेलं उसाचं वाडं आणायचे. शेवरीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. मी कचेरीतून आले की ती माझ्या हातातली पिशवी हुंगायची.

अप्पांनी जुना ट्रक काढून टाकला आणि उत्तरेकडून आलेला एक जुनाच पण दणकट ट्रक घेतला. पूर्वी तो काश्मीरच्या थंडीत सफरचंदं वाहत होता म्हणे. त्याच्यावर टाकी बसवली आणि टंचाईच्या गावांना पाणी न्यायचं काम घेतलं. त्यामुळे एक विचित्रच दृश्य रोज दिसायला लागलं. दुपारी अप्पा भाकरी खायला यायचे तेव्हा पाण्यानं भरलेली टाकी दारात उभी असायची, आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर तहानलेली शेवरी बांधलेली. टाकीच्या तोटीतून थेंब गळायचा. शेवरी त्या थेंबाकडे मान ताणायची. अप्पा त्या थेंबाखाली डबा ठेवायचे आणि निघताना डब्यातलं पाणी पुन्हा टाकीत ओतायचे.

"एक बादली घ्या की हो," काकू म्हणाल्या. हे माझ्यासमोरच झालं. "कुनाला कळतंय?"

"अमानत हाय ती, शिवकांता. लोकाचं पानी लोकाच्या घागरीत पडलं पायजे."

मला हा शहाणपणा जास्त वाटला आणि मी तसं बोलून दाखवलं. अप्पा चिडले नाहीत. म्हणाले, "आज शेवरीला एक बादली. उद्या तुमच्या आंगुळीला एक. परवा पावन्याला. मग टाकी गावोगाव फिरवायची कशाला? हितंच हुबी करू, दारात." काकू उठून आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी अप्पांशी अबोला धरला.

ऐन मे महिन्यात तो ट्रक तापायला लागला. एका शनिवारी अप्पा टाकी भरून निघाले आणि वेशीपाशीच इंजिनानं मान टाकली. कसाबसा ट्रक घरी आणला. टाकी भरलेलीच होती. गाव वाट बघत असणार, म्हणून रविवारी उजाडताच लुगडं अंथरलं गेलं. हा ट्रक घरी पहिल्यांदाच खोलला जात होता. मी माझा चहा घेऊन पायरीवर बसले होते. अप्पांनी घमेलं लावलं आणि तोटी सोडली.

पाणी तांबूस नव्हतं. किंचित हिरवट होतं. "शेवाळलंय जनू," अप्पा म्हणाले. त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. मग एकदम डोळे उघडले.

"गोड हाय! बाई, लई गोड हाय! काश्मीरचं पानी दिसतंय!"

किती दिवसांनी मी त्यांना असं हसताना बघत होते. पुन्हा एकदा बोट बुडवून त्यांनी खात्री करून घेतली. मग भरलेलं घमेलं दोन्ही हातांनी उचलून, एक थेंब न सांडता, शेवरीपुढे नेऊन ठेवलं. तिनं तोंड घातलं आणि तळ दिसेपर्यंत वर केलं नाही. अप्पांनी दुसरं घमेलं भरून नेलं. तेही ती प्यायली. मग तिनं अप्पांचा हात कोपरापर्यंत चाटला. काकू ब्रश हातात धरून बघत राहिल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती दिसांनी पोटभर पिली बाय माझी," त्या म्हणाल्या. अप्पांशी धरलेला अबोला तेवढ्यानं सुटला.

तो दिवस फार चांगला गेला, हे लिहिताना आजही हात जड होतो. दोघं नवराबायको बोलत, हसत काम करत होती. काकूंनी पंप घासून इतका लखलखीत केला की अप्पा म्हणाले, "ह्याच्यात तोंड बघून कुंकू लाव." संध्याकाळी इंजिन सुरू झालं. हातात एकही नट उरला नव्हता.

दिवेलागणीला शेवरी झुलायला लागली. दारू प्यायलेला माणूस चालतो तशी तिची पावलं पडत होती. ऊन लागलं असेल म्हणून काकूंनी तिच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. सकाळी ती खाली बसली होती ती उठेना. तोंडाला फेस होता. मी कचेरीत न जाता जनावरांच्या दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना घेऊन आले. ते पूर्वी लष्करात होते, खेचरांच्या पलटणीत.

"काय खाल्लं हिनं?"

"काय खानार सायेब? वाडं. रोजचंच," काकू म्हणाल्या.

"आणि प्यायली काय?"

"पानी," अप्पा म्हणाले.

"कुठलं पाणी?"

अप्पांनी घमेलं दाखवलं. तळाशी हिरवट ओल राहिली होती. डॉक्टरांनी वास घेतला, ट्रककडे बघितलं आणि गाडी कुठून आली ते विचारलं. अप्पांनी काश्मीरचं नाव घेताच डॉक्टर खाली बसले. "अप्पा, थंड मुलखात रेडिएटरचं पाणी गोठू नये म्हणून त्यात औषध घालतात. विष असतं ते. चवीला गोड लागतं, म्हणून जनावर सोडत नाही."

अप्पांनी स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघितलं. डॉक्टरांनी सुई दिली, पण जाताना माझ्याकडे बघून मान हलवली.

मग अप्पा उठले. बादली घेतली आणि टाकीपाशी गेले. टाकीची तोटी त्यांनी सोडली आणि बादली काठोकाठ भरून घेतली. ती त्यांनी शेवरीपुढे धरली. ओंजळीनं तिच्या ओठांना पाणी लावलं. "पी गं माय. पी. हे साधं हाय. पी." शेवरीनं तोंड फिरवलं. अप्पा तशीच बादली धरून बसले. काकू खांबाला टेकून उभ्या होत्या. एवढी अमानत मोडली तीही वाया गेली, असं मला वाटलं आणि मला रडू फुटलं.

थोड्या वेळानं अप्पांनी बादलीतलं पाणी काकूंच्या रांजणात ओतलं, कारण जनावराच्या तोंडाशी गेलेलं पाणी टाकीत परत घालता येत नव्हतं. तोंड धुतलं, विभूती लावली आणि ट्रक सुरू केला. "गाव वाट बघून राहिलं," एवढंच म्हणाले. त्या गावचा एक शिपाई आमच्या कचेरीत होता. त्यानं नंतर मला सांगितलं. घागरींची रांग लागल्यावर अप्पा टाकीपुढे उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "आज एक बादली कमी हाय. म्या घेतली." लोक हसले. पाणी घेऊन येणारा माणूस एका बादलीचं काय सांगतोय, त्यांना कळेना. शिपाईही हसतच सांगत होता. मी त्याच्यावर खेकसले.

अप्पा परत आले तेव्हा शेवरी गेली होती. काकूंनी तिच्यावर तेच लुगडं पांघरलं होतं, रॉकेलचा वास येणारं. अप्पा दारातच थांबले. त्यांना आत येववेना. काकू उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि हळू म्हणाल्या, "तहानलेली न्हाई गेली हो. पोटभर पिऊन गेली. तेवढं धरा मनात."

माझी खात्री आहे, काकूंनी हे प्रेमानंच म्हटलं. पण अप्पांना ते वाक्य शेवटपर्यंत सोसलं नाही. काकू ओरडल्या असत्या, कपाळ बडवून घेतलं असतं, तर बरं झालं असतं. शेवरीला अप्पांच्या भावाच्या शेतात माती दिली. अप्पांनी तिच्या कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले आणि खड्डा स्वतः बुजवला.

त्या वर्षी मृग आला. काकूंनी दावं गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि दुसरी गाय आणली नाही. अप्पा ट्रक चालवत राहिले, घरीच खोलत राहिले. पण पाणी उतरवायचं असलं की आधी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणायचे. पाणी त्यात सोडायचे, वरून माती ओढायचे, मातीवर दगड ठेवायचे आणि ओल जिरेपर्यंत हातात काठी घेऊन शेजारी बसायचे. चिमणी उतरली तरी उठायचे. रेडिएटरमध्ये आता साधंच पाणी असायचं. ते त्यांनीच भरलेलं असायचं. हे मी त्यांना एकदा सांगून बघितलं. ते हो म्हणाले आणि बसून राहिले. पाण्याची चव घेणं त्यांनी सोडलं. विहिरीवर कुणी विचारलं तर म्हणायचे, "तुमीच बगा पिऊन. माझ्या जिभेचं खरं न्हाई." आणि ज्यांच्या चहात चमचा उभा राहायचा, असं मी रोज चिडवत होते, ते अप्पा बिनसाखरेचा चहा प्यायला लागले. गल्लीत सगळे समजले, अप्पांना साखरेचा आजार झाला. त्यांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

पुढे माझी बदली परत नांदेडला झाली. काकू गेल्याचं पत्रानं कळलं. ट्रक विकल्याचंही कुणीतरी सांगितलं. जायचं जायचं म्हणत माझं लातूरला जाणं होईना, आणि शेवटी कशाला तरी निघाले तेव्हा एसटी लोह्याला थांबली.

उन्हाळाच होता. स्टँडच्या बाहेर एक मालट्रक बॉनेट उघडून उभा होता. ड्रायव्हरनं रेडिएटरचं पाणी रस्त्यावरच सोडलं होतं आणि त्याचं डबकं झालं होतं. एक म्हातारा त्या डबक्यापाशी उकिडवा बसून दोन्ही हातांनी कडेची माती ओढत होता. एक कालवड डबक्याकडे येत होती. म्हातारा धडपडत उठला आणि दोन्ही हात पसरून तिच्या आडवा झाला. "हड्! हड् माय, हड्!"

मी खिडकीतून हाक मारली, "अप्पा!"

त्यांनी बघितलं. ओळखायला थोडा वेळ लागला. मग चिखलानं भरलेले हात तसेच ठेवून त्यांनी कोपरं जोडली. "शरणार्थ बाई. भनीकडं आलतो." ते फार वाळले होते. गळ्यातली डबी सदऱ्याच्या आत होती, कपाळावर तीन पट्टे होते, चौथा नव्हता. मला बसमधून उतरायचं होतं, पण कंडक्टरनं घंटी मारली होती.

ड्रायव्हर बिडी ओढत हसत होता. "बाबा," तो म्हणाला, "कशाला जीव काढून राहिले? साधं पानी हाय ते."

अप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही. पुन्हा खाली बसले आणि माती ओढायला लागले.

"साधंच दिसतंय ते," ते म्हणाले.

बस सुटली. मी वळून बघत होते. कालवड अजून तिथंच उभी होती आणि अप्पांनी एका हातानं तिला लांब धरलं होतं. दुसऱ्या हातानं ते माती ओढत होते.